सिलिंडर आला

"सिलिंडरला ताप कसा येईल?"

ऋजुतानं विचारलं आणि ती दचकून दोन पावलं मागे सरली. तिला वाटलं, गॅस गळतोय. नाहीतर उन्हानं टाकी तापलीय. आता भडका उडणार.

केदार हसला. त्याच्यामागे उभे असलेले शहरातले ट्रेकर हसले.

"अगं वेडे, टाकीला नाही. टाकी वाहणाऱ्याला. तो बघ, बसलाय."

वाडीतल्या शाळेच्या ओट्यावर एक माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. अंगात उसवलेला स्वेटर, पायांत प्लास्टिकच्या चपला. शेजारी लाल टाकी. बाकीचे हमाल पाठीवर वझी बांधत होते. केदार ट्रेकचा म्होरक्या. तो हमालांना वझ्यावरूनच हाका मारायचा. "तंबू, तू पुढं हो. किराणा, तू मागून ये. पातेली कुठं गेली?" सोपं पडतं, म्हणायचा. दर खेपेला माणसं बदलतात, वझी तीच असतात.

ऋजुता त्याची मदतनीस. तीही हसली. दचकल्याची लाज झाकायला हसली. पण हसता हसता आत काहीतरी टोचलं... चपलेत खडा जावा तसं.

"त्यांना आज खालीच राहू द्यायचं का?" तिनं हळूच विचारलं.

"राहू दे की. मी कुठं बांधून ठेवलंय? पण मग पुढच्या खेपेला मी दुसरा बघणार. आणि सगळ्यांनी काय आज कच्चे तांदूळ खायचे?"

हे त्या माणसाच्या कानांवर गेलं असावं. तो उठला. दोरानं टाकी पाठीला आवळली आणि भिंतीचा आधार घेऊन चालू लागला.

"सांभाळून हं, काका," ऋजुता म्हणाली.

ती सगळ्याच हमालांना काका म्हणायची. पाणी दिलं, हात दिला, की आवर्जून थँक यू म्हणायची. आपण इतरांसारख्या नाही, हे तिला मनातून बरं वाटायचं.

खडा काढायला ती थांबली नाही. ट्रेक सुटला होता.

*

डोंगराच्या माथ्यावर कातळात एक गुहा होती. गुहेत धुनी होती आणि धुनीशी एक म्हातारा गोसावी. सगळे त्याला बाबा म्हणत.

बाकीचे ट्रेकर माथ्यावरून सूर्यास्त बघायला यायचे. ऋजुता बाबांसाठी यायची. तिला त्यांच्याकडून नाम हवं होतं. आधीही तिनं मागून पाहिलं होतं. बाबा नुसतं "बघू" म्हणाले होते. यावेळी तिनं तुळशीची माळच बरोबर आणली होती.

त्या दिवशी सूर्यास्त कुणालाच दिसणार नव्हता. दुपार कलली तसं दरीतून धुकं चढायला लागलं. ट्रेकर माथ्यावर पोहोचले. मागून एकेक हमाल वर आला, गुहेत डोकावून धुनीला हात जोडून गेला. शेवटी तंबूवाला आला. कमरेतून पार वाकलेला. पाठीवर तंबूंचा गठ्ठा, गठ्ठ्यावर लाल टाकी.

त्यानं टाकी गॅसच्या चुलीपाशी उतरवली आणि उभ्या जागी खाली बसला.

"ताई... सिलिंडर आला."

ऋजुताच्या जिवावरचं दडपण उतरलं. दिवसभर तिला त्या टाकीचीच धास्ती होती. ती लांबूनच ओरडली, "केदार, सिलिंडर आला! सगळे आले!"

चहा झाला. तिनं हातपाय धुतले, माळ मुठीत घेतली आणि ती गुहेत गेली.

धुनीभोवती गोणपाटं अंथरलेली होती. ती एकावर बसायला गेली.

"त्यावर नको," बाबा म्हणाले. "तो यायचा हाय अजून."

तिच्या अंगावर शहारा आला. तिनं डोळे मिटून त्या रिकाम्या गोणपाटाला हात जोडले आणि ती कातळावर बसली.

"बाबा, मला नाम द्या."

बाबांनी धुनीत लाकूड सारलं.

"कशाला?"

"जिवाला स्वस्थता नाही. खुट्ट झालं तरी छातीत धडधडतं. सगळे हसतात. पुष्कळ वाचलं, पुष्कळ करून पाहिलं..."

"वाचलंस त्यात नावं नव्हती?"

"होती. पण ती पुस्तकातली. मला तुमच्या तोंडून हवं."

"आन् नाम घेतलं की काय व्हतं?"

हे तिला येत होतं. ती ताठ बसली.

"मनापासून हाक मारली, की ज्याचं नाम आहे तो ओ देतो."

"असं?"

"हो, बाबा."

धुनीत ओलं लाकूड चरचरलं... बाहेर चुलीवर कुणीतरी पातेलं आपटलं.

"च्या घेतलास?"

"घेतला."

"कशावर केला?"

"गॅसवर. सिलिंडर आला ना."

"कोण आला?"

"सिलिंडर."

"कोण आला?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. तिनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला आणि तिथंच थांबला.

टाकी तंबूवाल्याच्या पाठीवर होती.

तिनं रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं.

"बाबा... 'तो यायचा हाय' म्हणालात, तो कोण?"

"ज्याला तू 'आला' म्हनलीस, तो."

*

ती बाहेर आली तेव्हा गुहेसमोर रोवलेला झेंडासुद्धा दिसत नव्हता. हमाल तंबू ताणत होते. तंबूवाला दोर ओढून खुंटीला गुंडाळत होता.

"ते ताप आलेले काका कुठं आहेत?"

त्यानं दोर सोडला नाही. "खिंडीच्या वर, त्या आडव्या कड्याखाली बसला व्हता. मला म्हनला, तू हो पुढं, मी येतो दम खाऊन. टाकी तेवढी मी उचलली."

"मग अजून आले कसे नाहीत?"

"केदारसरांना इचारलं दोनदा, जाऊ का बघाया. म्हनले, आधी तंबू मारा."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्हीच म्हनलात की ताई. सगळे आले."



केदार चुलीपाशी उभा होता. हातात वाफाळता कप होता. ऋजुता धापा टाकत त्याच्यापाशी गेली.

"एक माणूस खाली राहिलाय. त्याला ताप आहे."

"येईल गं. डोंगरातला माणूस आहे. डोळे मिटून येईल."

"धुकं बघ ना किती आहे! आणि अंगात नुसता स्वेटर..."

"या लोकांना सवय असते. तू पॅनिक नको करूस. मागच्या ट्रेकला सरडा बघून किंचाळली होतीस, अख्खा ग्रुप खोळंबला होता. आठवतंय?"

जवळच्या तंबूतून कुणीतरी हसलं.

आठवत होतं. म्हणून तर तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. हाही सरडाच असेल. आत्ता तो धुक्यातून येईल, सगळे हसतील... आणि नाही आला तर?

"दोघांना तरी पाठव," ती म्हणाली.

"आणि तंबू कोण मारणार? लोक कुडकुडताहेत इथं. हे बघ ऋजुता, तुला हे झेपत नसेल तर सांग. पुढच्या ट्रेकला मी दुसरं कुणीतरी बघतो."

पुढच्या खेपेला दुसरा. पुढच्या ट्रेकला दुसरं. सकाळी शाळेच्या ओट्यावर ऐकलेलं वाक्य आता तिच्या दारात येऊन उभं राहिलं होतं.

ती तशीच वळली. माथ्याच्या कडेशी गेली. पुढं वाट उतरत होती, पण पाच-सहा पायऱ्यांच्या पुढं नुसतं पांढरं होतं.

तिनं जन्मात कधी कुणाला अशी जीव तोडून हाक मारली नव्हती. तिनं डोळे मिटले.

"काकाऽऽ!"

"ओ, ताई!"

ओ पाठीमागून आली. तिनं वळून पाहिलं. किराणावाला तंबूआडून डोकावत होता. पातेलीवालाही हातातलं काम टाकून उभा राहिला होता. "काय पायजे, ताई?"

सगळेच काका होते.

ती पुन्हा दरीकडे वळली. दुसरं काय म्हणावं तिला सुचेना. जे सुचलं ते तोंडातून गेलं आणि जाताना तोंड पोळलं.

"सिलिंडरऽऽ!"

टण्णऽ!

ती एवढी दचकली की पाय निसटता निसटता राहिला. बाबा गुहेतून बाहेर आले होते. चुलीपाशी उभे राहून त्यांनी धुनीचा चिमटा टाकीवर हाणला होता.

टाकीचा नाद धुक्यात घुमत राहिला...

"दिली की ओ," बाबा म्हणाले. "हा तर कवाच आलाय."

या वेळी कुणीच हसलं नाही.

"बाबा, मला त्यांचं नाव माहीत नाही."

"माझ्याकडं आलीस त्ये काय मागाया?"

बाबांनी चिमट्यानं तंबूवाल्याकडे बोट करावं तसं केलं.

ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तुमचं नाव काय?"

"मपलं?" तो गडबडला. "तंबू..." मग जीभ चावून म्हणाला, "देवराम."

"आणि त्यांचं?"

"चहादू. चहादू मेंगाळ. मपल्या चुलतीचा ल्योक हाय."

ती कडेला परत आली. मूठ आवळली होती, माळेचे मणी तळहातात रुतत होते.

"चहादूकाकाऽऽ!"

काही नाही.

"चहादूकाकाऽऽ!"

आवाज फाटला. पांढऱ्यात गेला आणि तिकडचाच झाला.

"ऋजुता, पुरे आता!" केदार मागून ओरडला. "तमाशा नको. लोक बाहेर यायला लागलेत."

लोक खरंच बाहेर आले होते. अंगाभोवती शाली ओढून उभे होते. ज्याला सकाळी ते सिलिंडर म्हणून हसले होते, त्याला नाव आहे हे आत्ता त्यांच्या कानांवर पडत होतं.

देवरामनं हातातला दोर पाहिला. क्षणभर पाहिला... आणि सोडून दिला. अर्धा ताणलेला तंबू सुस्कारा टाकल्यासारखा खाली बसला. तो ऋजुताच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"चहाऽदूऽऽ!"

"ए तंबू!" केदार ओरडला. "तंबू! काम सोडून कुठं चाललास?"

देवराम वळला नाही.

"तंबू, तुला सांगतोय मी!"

त्या नावाचं तिथं कुणी राहिलं नव्हतं. कापड तेवढं जमिनीवर पडलं होतं.

किराणावाला आला. पातेलीवाला आला. एका ट्रेकर बाईनं आपली बॅटरी आणून ऋजुताच्या हातात दिली आणि न बोलता बाजूला उभी राहिली. केदारचा कप अजून हातातच होता. त्यातला चहा निवला होता.

ऋजुतानं छाती भरून श्वास घेतला. छातीत धडधड होतच होती. तिनं ती होऊ दिली.

"चहादूकाकाऽऽ! चहादूकाका, ओ द्याऽऽ!"

सगळे कान लावून उभे राहिले.

धुकं... वारा... गुहेत धुनीतलं लाकूड फुटल्याचा आवाज...

आणि मग खूप खालून, आडव्या कड्याच्या अंगानं, घोगरा, तुटका, पण माणसाचा,

"ओऽऽ..."

देवराम पहिली पायरी उतरलासुद्धा. ऋजुता निघाली, थबकली, मागे वळली. एका हातात बॅटरी होती. दुसऱ्या मुठीत माळ तशीच होती.

"बाबा..."

"माळ हितं ठेव," बाबा म्हणाले. "त्याला धराया हात लागंल."