कुरकुरणारी फळी

झाडापासून तुटल्यावरही लाकूड बोलायचं विसरलं नव्हतं, त्या काळची गोष्ट. एका होडीत फणसाची एक फळी होती. तिच्या शेजारी सागाची जुनी फळी. तिला सगळ्या फळ्या सागआजी म्हणत.

एकदा फणसफळीला आजीच्या कडेशी ओल जाणवली. दोघींमधल्या फटीत भरलेला कापूस कुजला असावा, असं तिला वाटलं. पण तिनं घाई केली नाही. चार खेपा अंग दाबून दाबून खात्री केली आणि मगच म्हणाली, "आजी, आपल्यामधून पाणी येतंय."

आजी भडकली. "कालची पोर तू! सुताराच्या कामात खोट काढतेस? कुरकुरलीस तर खिळे तुलाच बसतील, सांगून ठेवते."

तरी फणसफळी कुरकुरली, आणि आजीचं म्हणणं खरं झालं. सुतारानं आवाज ऐकून दोन जाड खिळे तिच्याच अंगात ठोकले. ती कळवळली, पण कुरकुरायची थांबली नाही. शेवटी सुतारानं वैतागून फटीत पटाशी घातली, तर कुजका कापूस हातात आला. त्यानं नवा कापूस ठासला आणि वरून राळ भरली.

होडी पुन्हा खोल पाण्यात गेली. आजी हळूच म्हणाली, "खिळे दुखतात का गं?"

"दुखतात."

"मग आज गप्प कशी?"

"आज सगळं ठीक आहे, आजी."

आजीनं सुखाचा सुस्कारा सोडला. "तेव्हा बोललीस ना, म्हणूनच आज तुझ्या गप्प राहण्याचा मला आधार वाटतो, बाळा."