अर्धी गोळी

एका बाजारगावात निवृत्ती नावाचा एक कासार राहत होता. देवळाच्या उतारावर त्याचं बांगड्यांचं दुकान होतं. म्हातारपणी त्याची नजर अधू झाली, पण बोटं शाबूत होती. बाईने हात पुढे केला की तो नुसता दाबून बघायचा आणि बरोबर मापाची बांगडी काढायचा. उभ्या जन्मात त्याच्या दुकानात कुणाच्या मनगटाला काच लागली नाही.

त्याचा मुलगा मनोहरही दुकानात बसायचा. हात चांगला होता, पण पंचविशीतच त्याला टक्कल पडू लागलं. आता कासाराचा धंदा असा, की बांगड्या भरताना मान खाली घालावी लागते. समोर बसलेली बाई बघणार तरी कुठे? तिला माथाच दिसतो. पोरी एकमेकींना कोपराने ढोसून हसायच्या. एकदा एक जण म्हणाली, "मनोहरदादा, दुकानात आरसा कशाला ठेवलाय? तुम्ही वाका की जरा." सगळं दुकान हसलं. मनोहरही हसला, पण त्या दिवशी त्याला घास गेला नाही. कांद्याचा रस झाला, नाना तऱ्हेची तेलं झाली. केस जायचे ते जातच राहिले.

निवृत्तीला रक्तदाबाचा जुना त्रास होता. साध्या गोळ्यांना तो दाद देईना, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक जालीम गोळी सुरू केली. काही महिने गेले आणि गंमत झाली. म्हाताऱ्याच्या गुळगुळीत डोक्यावर केस उगवले. भुवयासुद्धा दाट झाल्या. "आता यांच्यासाठी मुलगी बघायला लागतेय," असं म्हणून यमुनाबाई नवऱ्याची चेष्टा करायची. मनोहर मात्र बापाच्या डोक्याकडे टक लावून बघत बसायचा.

एक दिवस तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी सरळ सांगितलं, "केसांसाठीही ही गोळी देतात, पण जेमतेम कणभर. आधी तुमचं हृदय तपासते, मग तुमच्या नावाने चिठ्ठी देते. थोड्यापासून सुरू करायचं. वाढवायची की कमी करायची ते मी ठरवीन. वडिलांच्या गोळीला हात लावायचा नाही."

एवढं सोपं होतं. पण बाहेर बाकावर गावातल्या दोन बायका बसलेल्या त्याने पाहिल्या. टकलासाठी डॉक्टरकडे आला, ही बातमी आपल्याआधी गावात पोचणार, असं त्याला वाटलं. तपासणीला तो पुन्हा गेलाच नाही. चिठ्ठीशिवाय केमिस्ट गोळी देईना.

घरात मात्र गोळ्या होत्या. बापाला नीट दिसत नाही म्हणून सकाळच्या चहाबरोबर त्याच्या हातावर गोळी ठेवायचं काम मनोहरचंच होतं. त्याने गोळी मोडली. अर्धी बापाच्या हातावर ठेवली, अर्धी आपल्या तोंडात टाकली. मनाला समजावलं, की केस एकदा येऊ देत, मग थांबू.

निवृत्तीने गोळी बोटांत धरून चाचपली. "हल्ली गोळी बारीक यायला लागली का रे?"

"कंपनी बदललीय, आबा."

"असेल," म्हातारा म्हणाला आणि चहाबरोबर ती गिळली.

हळूहळू मनोहरच्या माथ्यावर लव आली, मग काळे केस आले. दुकानातल्या पोरी गप्प झाल्या. उठताना त्याला भोवळ यायची, छाती धडधडायची, पाय सुजायचे. पण आरशासमोर उभं राहिलं की तो ते सगळं विसरायचा. इकडे निवृत्तीचं डोकं ठणकायला लागलं. तोंड लालबुंद व्हायचं. "गोळी लागू पडत नाहीये बघ," तो म्हणाला. "बाईंना जरा विचारून येतोस का?"

मनोहर गेला. बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "गोळी पूर्ण घेतात ना?"

खरं सांगायची वेळ हीच होती. दोन शब्दांचं काम होतं. मनोहरचा हात नकळत केसांवरून फिरला. "हो, पूर्ण," तो म्हणाला.

बाईंनी मात्रा दुप्पट करून दिली आणि वडिलांना लगेच तपासायला घेऊन यायला बजावलं. परत येताना मनोहरला बरंच वाटलं. आता आबांना पूर्ण गोळी देता येईल, आपलीही सुटणार नाही, दोघांचं भागेल. तसं त्याने काही दिवस केलंही. बापाला तपासायला नेणं मात्र आज नको, बाजार आहे, उद्या नको, गिऱ्हाईक आहे, असं लांबत गेलं. तेवढ्यात एका चांगल्या घरचे लोक मुलीसाठी त्याला बघायला येणार असल्याचा निरोप आला. कपाळाच्या दोन्ही बाजू अजून उघड्याच होत्या. मनोहरने आपली मात्रा वाढवली. बापाच्या वाट्याला पुन्हा अर्धीच आली, आणि पाहुणे जवळ आले तशी पाव.

पाहुणे यायच्या आधीच, एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरता भरता निवृत्तीच्या हातून बांगडी फुटली. नवरीच्या मनगटातून रक्त आलं. म्हातारा तिची माफी मागायला गेला तर तोंड वाकडं झालं, आणि तो बसल्या जागी कलंडला.

उजवी बाजू गेली होती. मनोहर उशाशी बसून ढसाढसा रडत होता. निवृत्तीने धड असलेला डावा हात उचलला आणि लेकाच्या केसांत घातला. बोटांनी केस चाचपले, बांगडीचं माप घ्यावं तसे. मग अडखळत म्हणाला, "लागू पडली... तुला." त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मनोहरला सोसला असता. यमुनाबाई पायथ्याशी बसली होती. तिनेही ते ऐकलं.

निवृत्ती गेला. यमुनाबाईच्या हातातल्या बांगड्या, ज्या त्याने स्वतः भरल्या होत्या, बायकांनी उतरवल्या. दहाव्याला नदीवर मनोहर रिवाजाप्रमाणे केस काढायला बसला. वस्तरा चालवताना न्हावी सहज बोलून गेला, "चांगले दाट आले होते की हो." केस वाळूवर पडले, वाऱ्याने इकडेतिकडे झाले. बाप गेला तशी बापाची चिठ्ठीही बंद झाली. पुढे केस उगवले ते कानांच्या वरच. माथा होता तसा उघडा पडला.

दुकान मनोहर अजून चालवतो. मान खाली घालून बांगड्या भरतो. बाप गेलेल्या माणसाला कुणी हसत नाही. यमुनाबाईला आता साखरेच्या आजाराची गोळी लागते आणि सकाळच्या चहाबरोबर ती मनोहरच देतो. ती गोळी बोटांत धरते, अंगठ्याने कड चाचपते, पूर्ण आहे अशी खात्री करते आणि मगच तोंडात टाकते.

तात्पर्य: औषध किती घ्यायचं ते आपल्या हौसेने ठरवू नये, आणि आपल्यावर विसंबलेल्याच्या वाट्यातून तर कणही काढू नये. असं मिळवलेलं रूप टिकत नाही, आणि गेलेला विश्वास कोणत्याच गोळीने परत येत नाही.