उंबरमाळाची हौसाक्का वैमानिक

या, बसा. आधी मला एक सांगा. आपलं लेकरू परक्याच्या हाती सोपवायचं झालं, तर त्या माणसाचं तुम्ही काय बघता? टोपी? इस्त्री? की त्याच्यासाठी कोणी मोठ्या माणसानं केलेली सही? आम्ही गुळाची माणसं ढेप फोडून, चाखून घेतो. पण माणूस घेताना अख्खं गाव कसं फसतं, ते ऐका.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. संस्थानिकानं हौसेनं केलेली धावपट्टी उंबरमाळावर होती आणि तिच्या कडेला उड्डाण क्लबाची पत्र्याची शेड. तिथल्या मिस्त्रीची मुलगी हौसा. पाळण्याऐवजी पंखावर झोपायची, असं म्हणतात. मोठी झाली आणि त्याच क्लबात वैमानिक झाली. उसावर औषध फवारायची, पुरानं वेढलेल्या गावांत लसी टाकायची, दूरदेशी बांधलेली नवी विमानं समुद्रावरून उडवत आणून द्यायची. प्रत्येक जातीच्या विमानाला परवाना वेगळा लागतो. हौसाक्काकडं इतके परवाने होते की तपासायला आलेला साहेब वाचता वाचता चहा मागायचा.

आणि तास? हवेत घालवलेल्या तासांवर वैमानिकाची पत ठरते. तिच्या तासांवरून आमच्याकडं आजही भांडणं होतात. कोणी वीस हजार म्हणतं, कोणी तीस. जमिनीपेक्षा आभाळातच ती जास्त जगली, असं म्हणतात. तरी चाक जमिनीवर असताना गेलेला वेळ तिनं कधी लिहिला नाही. ‘‘उभ्या घोड्यावर बसून कुठं गाव येतं व्हय?’’ असं म्हणायची.

क्लबाचे चिटणीस होते दौलतराव. त्यांना आपला भाचा रणधीर वैमानिक करायचा होता. पोरगं देखणं, पण वर गेलं की ओकायचं. मग मामानं युक्ती काढली. भाच्याला शेडमधल्या विमानात बसवायचं, इंजिन घुरघुरत ठेवायचं आणि तो सगळा वेळ उड्डाण म्हणून लिहायचा. भाचा आत बसून भुईमुगाच्या शेंगा खायचा. त्या तासांच्या वहीवर आक्कानं सही नाकारली, तेव्हा दौलतरावांनी स्वतःची ठोकली.

हे गावाला ठाऊक नव्हतं म्हणता? सगळ्यांना ठाऊक होतं! इंजिनाचा आवाज शिवारभर जायचा आणि आभाळात तर घारीशिवाय काही नसायचं. पण दौलतराव जत्रेला जेवण घालायचे. मग कोण बोलतंय!

बिरोबाच्या जत्रेला दौलतरावांनी हवाई फेरी काढली. वैमानिक रणधीर. आत बायका-लेकरं बसली होती, शेवंता कुंभारीण तान्ह्या पोराला घेऊन सगळ्यांत पुढं. तेवढ्यात हौसाक्का धावत आली आणि विमानासमोर आडवी उभी राहिली.

‘‘दौलतराव, सही तुमची हाय न्हवं? मग बसा की त्याच्या शेजारी!’’

‘‘आक्का, जत्रेचा दिवस आहे. तमाशा नको.’’

‘‘तमाशा मी करतीया? तुमचा भरवसा हाय न्हवं त्याच्यावर? मग चढा वर!’’

‘‘मला जेवणावळीचं बघायचंय,’’ असं म्हणून दौलतराव मागं सरकले.

तेवढ्यावरून तरी गावानं ओळखावं की नाही? नाही. उलट हसले. ‘‘पोरगं पुढं जाईल म्हणून आक्काच्या पोटात दुखतंय,’’ असं कोणी म्हणालं आणि चार गड्यांनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. तुम्हाला सांगतो, हे आठवलं की आजही माझ्या हातातला चहा कडू होतो.

विमान उडालं. टाळ्या वाजल्या. पण ते उतरेना. भाचा विमान उतरवायला शिकलाच नव्हता. माळावर घिरट्या घालत राहिलं, प्रत्येक घिरटीला आणखी कलंडत. टाळ्या थांबल्या आणि खाली आयांनी हंबरडा फोडला.

हौसाक्कानं दंडावरचे हात झटकले आणि क्लबाचं जुनं पिवळं विमान काढलं. त्यात पेट्रोल नावालाच होतं. ते इंजिनावर नाही, तिच्या रागावर उडालं, असं म्हणतात. भाच्याच्या विमानाला ती जाऊन भिडली, त्याच्या पंखाखाली आपला पंख धरला, आणि चालायला शिकणाऱ्या लेकराला बोट द्यावं तसं त्याला खाली आणलं. चाकं टेकली. सगळी सुखरूप उतरली.

ती मात्र उतरली नाही. माळावरून एकदा अगदी खालून उडत गेली. तिचा चेहरा लोकांना दिसला, आणि ज्यांनी तिचे दंड धरले होते त्यांनी माना खाली घातल्या. मग ती सह्याद्रीकडं वळली. विमान सापडलं नाही, पंखाचा तुकडासुद्धा नाही. या गावच्या मातीला पाय लावायचा नाही म्हणून ती अजून वरच आहे आणि तिचे तास अजून वाढताहेत, असं म्हणतात.

खाली शेवंता पोराला कडेवर घेऊन थेट दौलतरावांपुढं आली. ‘‘आक्का म्हणाली तवा बसला न्हाईस. आता बस!’’ गावानं त्यांना उचलून त्या विमानात बसवलं आणि भोवती कडं केलं. दिवस मावळेपर्यंत त्यांना कोणी उतरू दिलं नाही. कोणी शिवी दिली नाही. नुसते बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दौलतरावांनी उंबरमाळ सोडलं.

तेव्हापासून आमच्याकडं ‘आक्काची बैठक’ आहे. दुसऱ्याच्या कामावर जो सही करतो, तो आधी बसतो. स्लॅब पक्का झाला असं सांगणारा कंत्राटदार त्याच घरात पहिल्यांदा झोपतो. गाडी शिकवणारा, आपल्या शिकाऊ माणसाला भर बाजारातून नेताना शेजारी असतो. मागं ओढ्यावरचा साकव पास करायला एक इंजिनिअर आले होते. गावानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि खुर्ची साकवाखाली मांडली. वरून उसानं भरलेला ट्रॅक्टर निघाला. साहेब उठले, ‘‘थोडं काम राहिलंय वाटतं,’’ म्हणाले आणि सिमेंट घेऊन परत आले. कोणी हसलं नाही. हसायचं ते आम्ही एकदाच हसलो होतो.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं. तुमचा धंदा कोणताही असो, हिशेब खरा ठेवा. तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर विसंबून कुणीतरी लेकरू कडेवर घेऊन आत जाऊन बसलेलं असतं.