ठसकीचा गोड थेंब

एक होती लाल मुंगी. नाव तिचं ठसकी. राग कायम नाकावर.

कुंपणावर चवळीची वेल. ठसकी तिच्यावरच्या अळ्या हाकलायची. वेल तिला रोज एक गोड थेंब द्यायची.

आज थेंब नाही. ठसकी भडकली.

"वेली वेली, थेंब दे."

"मूळ रस चढवीना. मी थेंब कुठून देऊ?"

"असं काय? बघतेच." ठसकी मातीत शिरली. तुरु तुरु, दण दण.

"मुळा मुळा, रस चढव. वेल थेंब देईना."

"गाठ खत करीना. मी रस कसा चढवू?"

"असं काय? बघतेच." तुरु तुरु, दण दण.

मुळावर होती गाठ. आत इवले इवले जीव. हवा धरायची, तिचं खत करायचं, हे त्यांचं काम.

"गाठी गाठी, खत कर. मूळ रस चढवीना, वेल थेंब देईना."

"बुरशी खाऊ आणीना. मी खत कसं करू?"

"असं काय? बघतेच." तुरु तुरु, दण दण.

पुढे बुरशी. पांढरी, दोऱ्यासारखी. लांबलांबून खाऊ ओढते.

"बुरशीबाई, खाऊ आण. गाठ खत करीना, मूळ रस चढवीना, वेल थेंब देईना."

"कुजवे पाला शिजवीनात. मी खाऊ कुठून आणू?"

"असं काय? बघतेच." तुरु तुरु, दण दण.

कुजवे म्हणजे पाला कुजवणारे जीव. लाखो आहेत, पण दिसत नाहीत.

"कुजव्यांनो, पाला शिजवा. बुरशी खाऊ आणीना, गाठ खत करीना, मूळ रस चढवीना, वेल थेंब देईना."

"कौसामावशी पाला सोडीना. आम्ही काय डोंबल शिजवू?"

ठसकी तरातरा वर आली.

कौसामावशी अंगण झाडत होती. खर्र खर्र. पाटीभर पाला उचलला. चालली जाळायला.

"मावशी मावशी, पाला सोड. कुजवे पाला शिजवीनात, बुरशी खाऊ आणीना, गाठ खत करीना, मूळ रस चढवीना, वेल थेंब देईना."

"चल, हो बाजूला. अंगण कसं लख्ख हवं."

हिचं अंगण लख्ख, आणि आमची ठसकी उपाशी. राग येणार नाही तर काय?

ठसकी पायावर चढली. करंगळीला चावली. कचकन.

"अगं आई गं." पाटी पडली. पाला सांडला वेलीखाली. मावशी बोट चोळत म्हणाली, "राहू दे मेला तिथंच."

पाला राहिला. कुजवे पाला शिजवू लागले, रटरट रटरट. बुरशी खाऊ आणू लागली. गाठ खत करू लागली. मूळ रस चढवू लागलं. आणि एका सकाळी वेलीनं थेंब दिला. टप्प.

ठसकीनं तो गटकन प्यायला.

राग गेला का? छे. मावशी पुन्हा खराटा घेऊन आली तर? ठसकी वेलीखाली बसलीय, दातांना धार लावत.