जिंकून आलेला दांडा

एकदा एक वृद्ध कारागीर होता. चोवीस तासांच्या शर्यतीत धावणाऱ्या मोटारी तो घडवीत असे. त्याची एक रीत लोकांना वेडगळ वाटे. गाडी जिंकून आली, की हार सुकायच्या आत तो चाके धरून ठेवणारे पोलादी दांडे काढी आणि शिष्याकडून घणाने मोडवून घेई. दांडा निर्दोष दिसला तरीही.

शिष्याचा जीव तुटे. एक दांडा घडवायला त्याचे आठ दिवस जात. शेवटी त्याने शहाणपणा केला. जिंकलेला एक दांडा पोत्याखाली दडवला आणि गुरूसमोर भंगारातला भलताच मोडून दाखवला. पुढच्या शर्यतीला तोच घासूनपुसून बसवला. जो एकदा पार पडला तो पुन्हा पडेलच, असा त्याचा हिशेब. आपल्यापैकी पुष्कळजण याच हिशेबावर जगतात.

गाडी चालवणारा हेरंब सुटण्यापूर्वी नेहमी शिष्यालाच विचारी, "बसू ना रे?"

त्या दिवशीही त्याने विचारले. "बसा, दादा," शिष्य म्हणाला.

एकोणिसाव्या तासाला, लख्ख सकाळी, वळणावर दांडा तुटला. हेरंब जागच्या जागी गेला.

तेराव्या दिवशी शिष्याने सारे कबूल केले. दांडा तपासला होता, साधा ओरखडाही नव्हता, असे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. गुरू रागावला नाही आणि तेच शिष्याला सोसवेना. गुरूने तुटलेला दांडा पुढे ठेवला. तुटलेले तोंड अर्धे काळवंडलेले होते, अर्धे चकचकीत.

"चकचकीत आहे ते त्या सकाळचं. काळं आहे ते आधीचं, आपण पेढे वाटले त्या शर्यतीतलं. चीर तेव्हाच आत शिरली होती. तुला वाटलं, दांडा टिकला. तो टिकला नव्हता, बाळा, संपला होता. मोडायचा तेवढा राहिला होता. मी तुला मोडायला लावलं, पण का ते सांगितलं नाही; तेवढा दोष माझा. आता हे सगळं हेरंबच्या आईला सांगून ये."

शिष्य गेला. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि दार लावले.

पुढच्या शर्यतीनंतर शिष्याने न सांगता घण उचलला. दांडा मोडला. तोंड सगळे चकचकीत, कुठे डाग नाही. त्याचे डोळे भरून आले.

"हा चांगला होता," तो म्हणाला.

"असू दे," गुरू म्हणाला. "नवा घडव."

शिष्य भट्टी पेटवायला उठला.