अधोली आणि तिचा रूळ

त्या राज्यात सगळा कारभार मापांच्या हाती होता. मापं म्हणजे चौकोनी लाकडी पेट्या. थोरली पायली, तिच्या निम्मी अधोली, मग शेर, मापटं आणि बाकीची चिल्लीपिल्ली. काठांना लोखंडी पट्टी, आणि जन्मभर काम एकच, धान्य मोजून द्यायचं. प्रत्येक पेटीला एक लाकडी रूळ असे. पेटी शिगोशीग भरली की रुळानं काठावरून सरकत जाऊन वरची शीग उतरवायची, की झालं माप. दोघांना एकाच फळीतून घडवत आणि मग आयुष्यभर त्यांनी एकमेकांशीच जमवून घ्यावं, अशी तिथली रीत होती.

पेठेच्या वळणावर एक म्हातारी अधोली राहायची, आणि तिच्याच वयाचा तिचा रूळ. दाणे पडून पडून तिचा तळ पार खोलगट झाला होता. तिच्या लोखंडी काठांवर घासून रुळाला दोन खाचा पडल्या होत्या. काठावर टेकला की तो खाली बसायचा आणि त्याचा मधला भाग पेटीत उतरायचा. भांडण तर रोजचंच.

"अहो, किती खरवडताय? घरी नेऊन पुरणार आहात का?"

"अगं, तुझ्या पोटाला तळ आहे का? घालावं तेवढं गिळतेस!"

"गिळते कुठे? देऊन टाकते सगळं."

"तेच तर म्हणतोय मी!"

गिऱ्हाइकं हसायची आणि पदर पसरून धान्य न्यायची. कुणाची कधी तक्रार आली नाही.

एकदा राजधानीतून दोन पारड्यांची राजतागडी आली. खोट्या मापांची फार ओरड झाली होती, म्हणून तपासणी. बाई स्वभावानं वाईट नव्हती, पण नियमाची पक्की. जोडीनं कुणी यायचं नाही, म्हणाली; घरचे एकमेकांवर पांघरूण घालतात.

अधोलीला सरकारी रुळानं मोजलं. ते धान्य पारड्यात राजाच्या वजनापेक्षा जास्त भरलं. "हात सैल आहे," तागडी म्हणाली. "असू दे, वय झालंय. हिला नवा रूळ द्या, कडक."

म्हाताऱ्या रुळाला सरकारी अधोलीवर फिरवलं. धान्य कमी भरलं. आता मात्र तागडी चिडली. "हा लोकांच्या तोंडचा घास काढतो. घाला याला चुलीत."

अधोलीला रडूच कोसळलं. "बाईसाहेब, चोर नाहीत हो ते! त्या खाचा माझ्याच काठानं पाडल्यात. जाळायचंच असेल तर मलाही जाळा."

"गप्प बस गं," रूळ म्हणाला. "नव्याला सांभाळून घे. सुरुवातीला टोचेल, मग होईल गुळगुळीत. आणि तळाला जप, एकदम ओतू देऊ नकोस कुणाला."

चूल पेटलेली होती. तागडीला काय वाटलं कोण जाणे, तिनं अधोलीला विचारलं, "शेवटचं काही हवंय?"

"एकदा भरा मला. शीग यांच्या हातून उतरू दे."

शिपायांनी तिला भरलं. रूळ काठावर टेकला, आपल्या खाचांत बसला आणि निघाला. इतक्या सावकाश तो कधी गेला नव्हता. पलीकडच्या काठाशी पोचल्यावर तो थोडा वेळ तसाच टेकून राहिला, आणि मग खाली उतरला.

नियम तो नियम. तागडीनं तेही धान्य एका पारड्यात ओतायला लावलं. दुसऱ्यात राजाचं वजन होतं.

धान्याचं पारडं खाली गेलं, वजनाचं वर. मग वजनाचं खाली आलं, धान्याचं वर. शिपाई रुळाला उचलायला वाकला होता, तो तसाच थांबला. सकाळपासून तागडीच्या त्या दोन पारड्यांपैकी एक वर तर एक खाली, असंच चाललं होतं. आता दोन्ही डुलत डुलत एका उंचीवर आली, समोरासमोर थांबली, आणि कितीतरी वेळ एकमेकांकडे बघत राहिली.