घरचा नंबर

एकदा एक म्हातारे डॉक्टर होते, आणि त्यांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात त्यांचा एक शिष्य होता. नाडी बघायला नाही हं, कॉम्प्युटर बघायला. पोरानं तिथं काय सिस्टीम बसवली होती, विचारू नका. पेशंटनं मोबाइल नंबर सांगायचा, की घरातल्या सगळ्यांची नावं समोर. आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर एकाच नंबरावर असतं, तरी तीन वर्षांत एकदाही घोळ नाही.

मग शहरातल्या सहाशे खाटांच्या हॉस्पिटलनं तीच सिस्टीम मागितली. शिष्य हवेतच.

"सर, बदलायचं काहीच नाही. कॉम्प्युटर तेवढे जास्त लावायचे. सोमवारी सुरू."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "आज तिथं चाचणी आहे ना? मग तू पेशंट हो. खाटेवर झोप."

"मी? मला काय झालंय?"

"ताप. आणि तोंड उघडायचं नाही. तापानं फणफणलेला माणूस माहिती देत बसत नाही."

शिष्याला हसूच आलं. चाचणीसाठी दवाखान्याच्या सगळ्या नोंदी तिथं उतरवल्या होत्या. त्यानं घरचा नंबर लिहून दिला आणि वॉर्डात जाऊन आडवा झाला.

थोड्या वेळानं सिस्टर आल्या. "हळबे ना?"

त्यानं मान हलवली. सिस्टरांनी नंबर टाकला, वर आलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि पुटपुटल्या, "ॲलर्जी नाही. चला, बरं झालं."

शिष्याचं हसू तिथंच गेलं. ॲलर्जी नाही? नऊ वर्षांचा असताना पेनिसिलिन दिल्यावर त्याचा गळा आवळला होता, ओठ निळे पडले होते. नोंद होती ना, लाल अक्षरांत, त्यानं स्वतः केलेली. पण ती त्याच्या नावाखाली. पहिलं नाव मोठ्या भावाचं होतं.

ट्रेमधल्या सिरिंजवर चिठ्ठी होती: पेनिसिलिन.

दंडावर स्पिरिटचा गार बोळा फिरला. त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून फरशीकडे बघत होते. सरांना माहीत असेल ना हे? का त्यांनाही माहीत नाही? सुई कातडीपाशी आली तसा त्यानं हात हिसकावला.

"थांबा. मी तो नाही."

"म्हणजे? हळबेच ना तुम्ही?"

"तो माझा भाऊ आहे."

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "यात नुसतं पाणी आहे, सरांनीच भरून दिलंय. पण मला खरंच वाटलं हो, वर आलेलं नाव तुमचंच."

डॉक्टर उठून खाटेपाशी आले. "आपल्या दवाखान्यात खिडकीत कोण बसतं?"

"यमुताई."

"त्या नंबर टाकतात, मग तोंडाकडे बघतात आणि विचारतात, तू धाकटा ना रे, पेनिसिलिन न चालणारा? तीन वर्षं घोळ झाला नाही तो त्यांच्यामुळे. सोमवारी तू कॉम्प्युटर इकडे आणणार होतास. यमुताई तिकडेच राहणार होत्या. आज तू शुद्धीत होतास म्हणून हात ओढलास. इथं शुद्धीत नसलेली माणसंही येतात, बाबा."

शिष्यानं फोन काढून हॉस्पिटलच्या मॅनेजरला सांगितलं, "सोमवारी नाही जमणार. नाही, मशीन ठीक आहे. माझंच चुकलंय." पलीकडचा माणूस चिडून बोलत राहिला. यानं ऐकून घेतलं.

फोन ठेवून तो खाटेवरून उतरला आणि सिस्टरांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

"ताई, तुमच्याकडे चाळीस पेशंट. कोण कुठला हे कसं ओळखता, सांगाल?"

सिस्टरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "आधी हे लिहा," त्या म्हणाल्या. "नुसत्या आडनावानं हाक मारली, की इथं तीन जण हो म्हणतात."

तो लिहायला लागला.